सात पोरींची फायनल

आमच्या पेठेत आजही कुणीही छातीवर हात ठेवून सांगेल, की मुलींच्या कॉलेजातल्या फुटबॉलच्या बाई, प्रमोदिनी सबनीस, यांनी एकोणऐंशी साली ऐन फायनलच्या दिवशी आपल्याच संघातल्या चार पोरी घरात कोंडून ठेवल्या आणि उरलेल्या सात पोरींवर सामना घालवला. का कोंडल्या, याची कारणं मात्र सांगणाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलतात. म्हातारे म्हणतात, बाईंच्या अंगात आलं होतं. मधल्या वयाचे म्हणतात, सांगलीच्या संघाच्या मास्तरशी बाईंचं काहीतरी ठरत होतं. तरणी पोरं काही म्हणत नाहीत, नुसती हसतात, आणि ते जास्त वाईट.

तर पहिल्यांदा हे निस्तरू. बाईंनी त्या दिवशी बाहेरून कडी घातली होती, एवढं खरं. पण कडीच्या आत पोरी नव्हत्या. आत होते यज्ञेश्वर मास्तर, बाईंचे सख्खे वडील, वय वर्षे चौऱ्याहत्तर, इस्त्रीचा कोट घालून बसलेले. आणि त्या चार पोरी बसल्या होत्या आपापल्या बापाच्या घरात, बापाच्या हुकमानं. शेजारच्या बनाबाईंनी कडी घालताना बघितलं, त्यांच्या तोंडून ‘बाईंनी कोंडलं’ एवढंच बाहेर पडलं, आणि ते ओढ्यापलीकडे पोचेपर्यंत गोष्टीतून मास्तर गळून पडले व त्यांच्या जागी पोरी येऊन बसल्या. बनाबाईंचा यात दोष नाही. बाईमाणसानं म्हाताऱ्या बापाला कोंडलं, हे ऐकायला कुणाला गोड लागत नाही. पोरी कोंडल्या म्हटलं की चार माणसं पुढं सरकून बसतात.

आता बाईंची गोष्ट सांगायची तर सुरुवात बापापासून केली पाहिजे.

यज्ञेश्वर मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि हंगामात फुटबॉलचे पंच म्हणून उभे राहायचे. कोल्हापुरात पंच होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. इथं संघ तालमीचा असतो. पहाटे ज्या लाल मातीत पोरं कुस्ती धरतात, त्याच तालमीच्या नावानं दुपारी मैदानात उतरतात, आणि मागं अख्खी पेठ उभी असते, गवळ्यापासून वकिलापर्यंत. आमची चिंचेखालची तालीम आणि ओढ्यापलीकडची विहिरीवरची तालीम यांचा सामना असला की त्या आठवड्यात सासुरवाशिणी माहेरचं नाव काढत नसत. कारण दहातल्या चौघींचं माहेर पलीकडे.

मास्तर कुठल्याच तालमीचे नव्हते. त्यांनी दोन्हीकडे चहासुद्धा प्याला नाही. सामन्याला जाताना दोन्ही पेठा टाळून, रंकाळ्याच्या बाजूनं लांबचा वळसा घालून सायकल मारायचे, आपण कुणाच्या गल्लीतून आलो असं कुणाला वाटायला नको म्हणून. लग्नाला बोलावलं तर अक्षता टाकायच्या आणि उपाशी परत. त्यांच्या मंडळी हयात होत्या तोवर म्हणायच्या, “आमच्या घरात देव सोडला तर कुणी कुणाचं नाही.”

एक्कावन्न सालच्या फायनलला शेवटची पाच मिनिटं उरली होती आणि दोन्हीकडे शून्य. विहिरीवरच्या तालमीचा बॅक केरबा, बावीस वर्षांचा गडी, गोलसमोर उभा होता. चेंडू त्याच्या अंगावर उसळला, धूळ उडाली आणि मास्तरांनी शिट्टी वाजवली. हात. पेनल्टी. आमच्या तालमीनं गोल केला आणि ढाल घरी आणली. मास्तर दिवे लागेपर्यंत एका गोठ्यात म्हशींच्या मागं लपून बसले होते. त्यांची सायकल मागाहून विहिरीत सापडली. प्रमोदिनी तेव्हा अकरा वर्षांची. शेणानं माखलेल्या धोतरात बाप घरी आला तेव्हा तिनं विचारलं, “अप्पा, हात लागला होता?”

“शिट्टी वाजली,” मास्तर म्हणाले. “आता बोलायचं नाही.”

आणि खरंच ते पुन्हा त्यावर बोलले नाहीत. बोलत राहिला तो केरबा. पुढं तो तालमीचा वस्ताद झाला, पाच लेकरांचा बाप झाला, पण माणूस भेटला की सदऱ्याची बाही वर. “हितं लागलावता चेंडू. खांद्याला. हितं.” न्हाव्याला दाखवला, सोयरिकीला आलेल्या पावण्यांना दाखवला, एकदा देवीची लस टोचायला आलेल्या नर्सबाईंना दाखवला. त्यांनी तिथंच टोचली.

प्रमोदिनीनं एकसष्ट साली बी. ए. केलं, मुंबईला जाऊन शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला आणि चौसष्टला इथल्या एका मुलींच्या कॉलेजात लागली. आता त्या सबनीसबाई झाल्या. काम काय, तर लेझीम बसवायची, रिंग टेनिसची जाळी बांधायची आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांना मैदानातून उन्हात न्यायचं नाही याची काळजी घ्यायची. स्थळंही आली. नृसिंहवाडीचं एक चांगलं घर बघायला आलं, तेव्हा आदल्या दिवशीच्या हॉकीत बाईंची पोटरी सुजली होती. पोह्यांची बशी घेऊन त्या लंगडत बाहेर आल्या. मंडळी गोड बोलून गेली आणि आठ दिवसांत वाडीभर झालं, की सबनीसांची मुलगी पायानं अधू. मास्तर खुलाशाचं पत्र लिहायला बसले, तर बाई म्हणाल्या, “राहू द्या अप्पा. शिट्टी वाजली.” बापलेकीत विनोद होता तो एवढा एकच, आणि तोही फार हसण्यासारखा नव्हता.

बारा वर्षं लेझमीत गेली. शहात्तर साली विद्यापीठाचं परिपत्रक आलं, की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आता मुलींचा फुटबॉलही घ्यावा. प्राचार्यांनी ते वाचून फाइलला लावलं. बाईंनी ते फाइलमधून काढलं. नोटीस लावली आणि पहिल्या सकाळी सहा वाजता सतरा पोरी आल्या. साडीत आल्या, रिंग टेनिसच्या खोलीत जाऊन सदरा-सलवार चढवून बाहेर पडल्या. निम्म्या आमच्या पेठेतल्या, निम्म्या ओढ्यापलीकडच्या. पायात बाळकडू भावांचं: गल्लीत भाऊ खेळत असताना बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचं काम पोरींचं, आणि आणून देताना प्रत्येकीनं दोनचार लाथा मारून घेतलेल्याच होत्या. खेळ शिकवावाच लागला नाही. शिकवावं लागलं ते दुसरंच.

आमच्या तालमीचे वस्ताद सयाजी, त्यांची लेक कालिंदी डावीकडून चेंडू घेऊन पळाली. समोर गोल उघडा. बाजूला केरबाची थोरली लेक, घरात सगळ्यांत मोठी म्हणून जिला सगळे आक्काच म्हणायचे, ती मोकळी उभी. कालिंदीनं मान वळवून आक्काकडे बघितलं आणि चेंडू सरळ रेघेबाहेर मारला.

बाईंनी शिट्टी वाजवली. “कालिंदे, आक्का मोकळी होती.”

“बघितलं की.”

“मग बाहेर का मारलास?”

“बाई, ती तिकडची हाय.”

“आणि गोल झाला असता तो कुणाचा?”

कालिंदीनं प्रामाणिकपणे विचार केला. “तिचा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरातलं एक जुनं लुगडं फाडून पट्ट्या आणल्या. एक पोरगी इकडची, एक तिकडची, मनगटाला मनगट बांधलं. तसंच पळायचं, तसंच पाणी प्यायचं, तसंच डबा खायचा. कालिंदीची गाठ आक्काशी. आक्काला शिंक आली तरी कालिंदीचा हात नाकापर्यंत जायचा. महिनाभर दोघी एकमेकींच्या पेठेचा उद्धार करत पळाल्या, दुसऱ्या महिन्यात उद्धार करायला दम उरेना, आणि तिसऱ्या महिन्यात बाईंनी पट्ट्या सोडल्या तेव्हा कालिंदीला आक्काशिवाय दुसरं कुणी मैदानात दिसतच नव्हतं. बाईंना मग उलटंच ओरडावं लागलं, “अगं, बाकीच्या काय झाडं आहेत?”

शनिवारी दुपारी नियमांचा वर्ग, सबनीसांच्या सोप्यावर. शिकवायला स्वतः मास्तर. ते फरशीवर कवड्या मांडून ऑफसाइड समजावायचे. पहिल्याच शनिवारी आक्कानं त्यांना निरखून बघितलं.

“मास्तर, तुमीच व्हय ते?”

“कोण ते?”

“आमच्या बाला पेनल्टी दिल्यालं.”

“हो.”

“मग हात लागलावता काय खरंच?”

मास्तरांनी एक कवडी पुढं सरकवली. “ही पुढं गेली. आता ऑफसाइड आहे का नाही, ते सांग आधी.”

आक्कानं बरोबर सांगितलं. त्यानंतर ती दर शनिवारी सगळ्यांत आधी यायची आणि मास्तर तिच्यासाठी खिशात शेंगदाण्याचे लाडू ठेवायचे. केरबाच्या लेकीला सबनीसांच्या घरचा लाडू, हे तिकडं कळलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे. आक्का मात्र ते अगदी सावकाश खायची.

“अप्पा, एकदा मैदानात या की. बघा तरी,” बाई म्हणायच्या.

“बाप म्हणून कडेला बसायचं मला जमलेलं नाही कधी,” मास्तर म्हणायचे. “मोठ्या मैदानात उतरतील तेव्हा येईन. तेव्हा टाळ्यासुद्धा वाजवीन.”

तीन वर्षं बाई त्या एका गोष्टीच्या मागं होत्या: आपल्या अकरा पोरी शहराच्या मोठ्या मैदानात, जिथं तालमींचे सामने होतात तिथं, गावासमोर उभ्या करायच्या. पहिल्या वर्षी पहिल्याच फेरीत हरल्या. दुसऱ्या वर्षी उपांत्य फेरीत. एकोणऐंशीच्या जानेवारीत सांगलीच्या एका कॉलेजाशी फायनल ठरली, आणि ती मोठ्या मैदानात. संघात तोवर बाराच उरल्या होत्या, काहींची लग्नं झालेली. त्यातलीही एक कावीळ होऊन कागलला मावशीकडं पडलेली. म्हणजे बरोबर अकरा. एक कमी करायला जागा नाही.

आता सामन्याआधी मैदानात नारळ फुटतो, आणि तो कुणाच्या हातानं फुटतो याला इथं सामन्याहून जास्त महत्त्व. प्राचार्य हुशार. म्हणाले, “नारळाचं तुम्हीच बघा, बाई. त्यात मी पडत नाही.” सयाजी वस्तादांनी निरोप पाठवला, “रविवारी आमी मोकळंच हाय.” ओढ्यापलीकडं केरबानं नवा फेटा घेतल्याची बातमी आली. सयाजींना मान दिला तर तिकडच्या चार पोरी जाणार. केरबाला दिला तर इकडच्या सात. दोघांना बोलावलं तर पहिला नारळ कुणाचा, यावर मैदानातच दुसरा सामना.

बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मग त्यांना एकदम सोपं वाटलं. गावात असा एक माणूस होता की ज्यानं दोन्हीकडं चहा प्याला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी चौकातल्या फळ्यावर रंगीत खडूनं स्वतः लिहिलं: मुलींचा अंतिम सामना, रविवार दुपारी चार, श्रीफळ श्री. यज्ञेश्वर सबनीस, निवृत्त पंच, यांच्या हस्ते.

पंच कुणाचाच नसतो, हे नियमांच्या पुस्तकात. पेठेच्या लेखी पंच कायमचा त्याचा, ज्याला पेनल्टी मिळाली. ही गोष्ट आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत, पण बाई पंचाच्या घरात वाढल्या, त्यांना माहीत नव्हती. त्यांना वाटलं, अठ्ठावीस वर्षं झाली.

शनिवारी सकाळी सरावाला सातच पोरी आल्या.

दिवसभर निरोप गेले, दारं उघडली नाहीत. रविवारी सकाळी बाई स्वतः विहिरीवरच्या तालमीत गेल्या. बाईमाणसानं आतल्या मातीवर पाऊल ठेवायचं नाही, म्हणून पायरीवर उभ्या राहिल्या. केरबा नडग्यांना माती लागलेली तशीच घेऊन बाहेर आला. मागं आठदहा गडी.

“या बाई. तितंच ऱ्हावा, आत येऊ नगासा.”

“माहीत आहे मला. पोरी कुठं आहेत, केरबा?”

“घरात हाईत. बापाच्या घरात.”

“नारळ तुम्ही फोडा. आत्ता जाऊन फळा पुसते.”

“आता पुसून काय हुतंय. वाचलं की समद्यांनी.” त्याचा आवाज मोठा नव्हता. “बाई, माजा तुमच्यावर राग न्हाय. तुमी आक्काला शिकीवलं, म्या कुंपणाआडनं बघितलंय. माज्यापरीस चांगली खेळती ती. पर आठ्ठावीस वर्सं ह्यो खांदा घिऊन फिरतोय मी. पोरं माज्यामागं हासत्यात ते काय मला ऐकू येत न्हाय व्हय? मास्तरांनी ह्या पायरीवर यावं आनि चार मान्सांत म्हनावं, केरबा, चुकलं माजं. बास. दोनला म्हनलं तर चारला चारी पोरी मैदानात.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर सात जनी खेळवा की. नेमात बसतंय. तुमच्या वडलांनीच शिकीवलंय आक्काला.”

बाई घरी आल्या तेव्हा मास्तर कोट घालून, केस विंचरून तयार बसले होते. चाराचा सामना, हे साडेअकरालाच. बाईंनी सगळं सांगितलं. मास्तरांनी मान हलवत ऐकलं आणि पायानं चपला शोधायला लागले.

“एवढंच ना? मग म्हणतो की.”

मग अकराव्या वर्षी विचारलेलं बाईंनी एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा विचारलं. “अप्पा, हात लागला होता की नाही?”

मास्तर परत खुर्चीत बसले. “धूळ होती गं फार. त्याचा हात हलला, एवढं दिसलं. चेंडूला लागला का ते...” त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं. “दर वर्षी हंगाम सुरू झाला की मी आठवून बघतो. एखाद्या वर्षी लागतो. एखाद्या वर्षी लागत नाही.”

“मग तेव्हाच का नाही म्हणालात?”

“काय म्हणू? चार हजार माणसं होती. शिट्टी वाजवून झाली होती.” ते पुन्हा उठले. “पमे, माझं आता काय राहिलंय? जाऊन येतो. पोरी खेळू देत.”

पुढं काही शहाण्यांनी बाईंची बाजू घेऊन सांगितलं, की मास्तरांनी पेनल्टी खोटी म्हटली असती तर आमची एक्कावन्नची ढाल खोटी ठरली असती आणि सयाजींनी आमच्या सात पोरी घरी नेल्या असत्या. म्हणून बाईंनी अडवलं. डोकं चांगलं चाललंय. पण बाईंच्या मनात त्या क्षणी असलं काही आलं नव्हतं. त्यांना फक्त ती पायरी दिसत होती. पायरीवर इस्त्रीचा कोट घातलेले अप्पा, हात जोडलेले, आणि समोर भिंतींवर चढून बसलेली अख्खी पेठ. एका शब्दावर ते लोक थांबणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. केरबा थांबला असता कदाचित. बाकीचे नाही.

“बसा अप्पा, पाणी आणते,” असं म्हणून बाई बाहेर आल्या आणि त्यांनी दार ओढून कडी घातली.

आतून दारावर हळूच टकटक झाली. “पमे, कडी लागलीय चुकून.”

“चुकून नाही.”

“पमे, मला जाऊ दे. मी आता पंच नाहीय गं.”

बाईंनी बनाबाईंना हाक मारून सांगितलं, की सामना संपेपर्यंत कडी काढायची नाही, पाणी मागितलं तर खिडकीतून द्यावं. आणि पोरींचे बूट घेऊन त्या मैदानाकडं निघाल्या. जाताना त्यांना दारावरची टकटक कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती, असं बनाबाई सांगतात. बाई स्वतः काही सांगत नाहीत.

मैदानात माणूस मावत नव्हता. पोरींचा फुटबॉल म्हणून निम्मं गाव हसायला आलं होतं, निम्मं नारळाचं काय होतंय ते बघायला. नारळ मैदानाच्या माळ्यानं फोडला. सात पोरी उतरल्या आणि एक मोठा हशा पिकला, पण दहा मिनिटांनी तो थांबला, कारण सातच्या सात जणी जीव तोडून पळत होत्या. कालिंदी डावीकडून चेंडू घेऊन सुटली, दोघींना चुकवलं, मान वर न करता मधे पास दिला. अगदी मोजून, जिथं आक्का असायची तिथं. चेंडू मोकळ्या गवतावरून गडगडत सांगलीच्या बॅकच्या पायाशी जाऊन थांबला. पुन्हा एकदा तसंच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा लोकांना वाटलं, पोरगीला कमी दिसतंय. बाई कडेला उभ्या राहून ओरडल्या नाहीत. त्या सवयीला त्यांनी स्वतःच्या हातानं गाठ मारली होती.

सामना पाच-शून्य गेला.

कालिंदी गुडघ्यावरचं रक्त न पुसताच बाईंसमोर येऊन उभी राहिली. “बाई, म्हातारं मानूस येक शब्द बोललं असतं तर काय झालं असतं? तुमी इचारलं तरी का मास्तरांना?”

“विचारलं.”

“न्हाय म्हनलं?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. ते बोलायला फार सोपं होतं आणि कुणाचंच बिघडलं नसतं. “तयार होते,” त्या म्हणाल्या. “मी जाऊ दिलं नाही.”

कालिंदीनं बूट काढले, बाईंच्या पायाजवळ ठेवले आणि अनवाणी बाहेर गेली. तिच्यामागं बाकीच्याही, एकेक करून. चार पोरी केरबानं नेल्या होत्या. सात बाईंनी स्वतः घालवल्या.

घरी कडी काढली तेव्हा मास्तर त्याच खुर्चीत होते. कोटाची सगळी बटणं लावलेली. मोठ्या मैदानातला आरडाओरडा आमच्या गल्लीपर्यंत येतो. कुठला आवाज गोलाचा आणि कुठला नुसता, हे त्यांना चाळीस वर्षांत पाठ झालं होतं.

“पाच?” त्यांनी विचारलं.

“पाच.”

“सात जणींत पाचच. चांगल्या खेळल्या.” आणि त्यांनी कोट काढून खुंटीला लावला.

शनिवारचा वर्ग नंतर झाला नाही. यायला कुणी उरलंच नव्हतं. मास्तर शनिवारी दुपारी तरीही सोप्यावर येऊन बसायचे. बाई समोर बसून भाजी निवडायच्या. दोघंही बोलायचे ते दुधाविषयी, बसविषयी. पुढच्या वर्षी भाद्रपदात मास्तर गेले. खांदा द्यायला दोन्ही पेठांची माणसं आली, पण केरबा आला नाही. आमच्याकडं त्याचीही चर्चा झाली.

संघासाठी त्या वर्षी पाच नावं आली, त्याच्या पुढच्या वर्षी तीन. ब्याऐंशीला प्राचार्यांनी बाईंना बोलावून प्रेमानं सांगितलं, की मुलींना थ्रोबॉल बरा, पाय वापरावे लागत नाहीत. बाईंनी चेंडू पोत्यात भरून भांडारात जमा केले आणि लेझमीचे जोड बाहेर काढले. सरावाचं मैदान पावसाळ्यात हिरवं व्हायला लागलं. पूर्वी तिथं गवत उगवायला उसंत मिळत नसे.

आक्काचं फायनलनंतर वैशाखातच लग्न उरकलं होतं, चंदगडकडच्या एका घरी. त्र्याऐंशीच्या दिवाळीत ती माहेरी आली आणि एका दुपारी बाईंच्या दारात उभी राहिली, कडेवर लेकरू. बाईंनी चहा केला. सासरचं कसं, पाऊस किती, काजू यंदा कसा, सगळं झालं. फुटबॉलचं कुणीच काढलं नाही. जायला उठली तेव्हा उंबऱ्यात तिचा पाय अडखळल्यासारखा झाला.

“बाई, त्या दिवशी मी खेळायचे कपडे घालूनच बसलतो,” ती म्हणाली. “साडीच्या आत. म्हनलं, कोन सांगावं, ऐन टायमाला बा सोडील. चारला मॅच सुरू झाली तसा आवाज आला. मग मी साडी नीट केली आनि भाकऱ्या थापल्या.”

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढंच. बाई रडल्या का, असं बनाबाईंना खोदून खोदून विचारून झालंय. त्या म्हणतात, नाही रडल्या, दार लावून घेतलं आणि संध्याकाळी दिवासुद्धा लावला नाही.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात केरबा त्यांना मंडईत भेटला. बाई वांगी निवडत होत्या. केरबा बराच वाकला होता, हातात काठी. आजूबाजूचे भाजीवाले हळूच गप्प झाले. असल्या वेळी मंडईत गिऱ्हाइकाकडं कोण बघतो.

“बाई, धाकटी हाय माजी,” केरबा म्हणाला. “बारावी झाली. तुमच्या कालेजात घालतोय. ती म्हनती, फुटबॉल खेळायचा. म्या म्हनलं, खेळ. आमच्या तालमीतल्या आनि दोघी तयार हाईत. तुमी पुन्यांदा संघ काढा की.”

बाईंनी एक वांगं उलटून बघितलं, परत ठेवलं.

“आता मी कुनाला खांदा दाखवत न्हाय,” केरबा म्हणाला. “मास्तर गेले तवापासनं सोडलं. माजं चुकलं, बाई. चार मान्सांत सांगतोय. आता जाऊ द्या की. किती दिस मनात धरायचं त्ये?”

बाईंनी वांग्यांची पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि त्याच्याकडं बघून, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या:

“जाईल की, केरबा. तुम्ही अठ्ठावीस वर्षं धरलंत, माझी आत्ता कुठं सहा झालीत.”